पान किती तास ओले राहिले?

देवगडहून निघालेला रस्ता फोंडाघाट चढतो, राधानगरी आणि मुधाळतिट्टा मागे टाकतो आणि निपाणीला येऊन पुणे-बंगळूर महामार्गाला मिळतो. निपाणीतून पूर्वेला निघाले, चिकोडी गाठली, पुढे कृष्णा ओलांडली की अथणी. हा प्रवास एका दिवसात आरामात होतो. फळझाडांवरचे बुरशीजन्य रोग समजून घ्यायचे असतील तर याच्याइतकी सोयीची वाट आपल्या मुलखात दुसरी नाही. एका टोकाला हापूसच्या बागा, मध्ये राधानगरीच्या डोंगरातला तीन-चार हजार मिलिमीटरचा पाऊस, पुढे निपाणीची काळी जमीन, तंबाखू, ऊस आणि बांधावरचे आंबे आणि शेवटी पाचशे-सहाशे मिलिमीटरवर वर्ष काढणारी अथणी, तिची द्राक्षे आणि डाळिंबे.

बुरशी ओलाव्यावर जगते हे सगळ्यांना ठाऊक असते. त्या हिशेबाने पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना रोग कमी कमी होत जायला हवेत आणि अथणीच्या शेतकऱ्याने निवांत झोपायला हवे. प्रत्यक्षात बुरशीच्या भीतीने ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री जागून काढतो तो अथणी, मिरज, तासगाव, तिकोटा या कोरड्या पट्ट्यातला द्राक्ष बागायतदारच. संध्याकाळी आभाळ भरून आले की घरात दुसरा विषय नसतो. "दावण्या येणार" एवढे दोन शब्द पुरतात.

याचे कारण असे, की रोगाला वर्षभरात किती मिलिमीटर पडले याच्याशी काहीच देणेघेणे नसते. पान सलग किती तास ओले राहिले आणि त्या तासांत तापमान किती होते, एवढेच त्याला लागते. शंभर मिलिमीटरची सर तासाभरात कोसळून गेली, पाठोपाठ वारा सुटला, ऊन पडले, तर पान लवकर सुकते. उलट चार थेंबांची रिपरिप आणि त्यावर रात्रभराचे दव, एवढ्यावर आठ-दहा तास पान ओले राहते. पर्जन्यमापकात पहिल्या दिवसाचा आकडा मोठा दिसेल, रोगाच्या दृष्टीने मात्र दुसरा दिवस जास्त घातक.

दावण्या म्हणजे पुस्तकातला केवडा, शेतकऱ्यांच्या बोलण्यातला डाऊनी. त्याची एक रात्र जवळून पाहण्यासारखी असते. ऑक्टोबरात छाटलेल्या बागेत फुटवे पाच-सहा पानांचे झाले आहेत, कोवळे घड नुकते दिसू लागले आहेत. दुपारी एक सर येऊन गेली, वारा पडला, संध्याकाळचे तापमान बावीस अंशांवर आले. पानावर कुठून तरी उडून आलेली बीजुकाची पिशवी आहे. पाण्याचा पातळ पापुद्रा मिळाला की ती फुटते आणि तिच्यातून शेपट्या असलेले अतिसूक्ष्म जीव बाहेर पडतात. ते खरोखर पोहतात. पोहत पोहत पानाच्या खालच्या बाजूला असलेल्या श्वसनछिद्रांपाशी पोहोचतात, तिथे शेपटी टाकून देतात आणि त्या उघड्या छिद्रातून आत तंतू सोडतात. हवा मनाजोगती असेल तर एवढ्या सगळ्याला दोन-तीन तास पुरतात. सकाळी शेतकरी बागेत येतो तेव्हा पान हिरवेगार दिसते, रोग मात्र आत शिरलेला असतो. आता पानावर बसून राहणारे साधे औषध कितीही फवारले तरी उपयोग नाही, त्याचे काम आदल्या संध्याकाळी होते. चार-पाच दिवसांनी, कधी आठवड्याने, पानाच्या वरच्या बाजूला तेलाचा थेंब सांडल्यासारखे पिवळसर डाग उमटतात. मग एखादी दमट रात्र आली की त्याच डागाच्या खालच्या बाजूला पांढरी लव उगवते. ही लव अंधारातच धरते, हवेत आर्द्रता जवळजवळ पूर्ण असावी लागते आणि काळोखाचे निदान चारेक तास लागतात. एका डागातून नवी हजारो बीजुके तयार होतात आणि पुढच्या ओल्या रात्रीची वाट पाहतात.

डाग दावण्याचा आहे की दुसऱ्या कशाचा, अशी शंका आली तर घरच्या घरी पारख करता येते. संशयाचे पान तोडायचे, ओलसर कागदात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे आणि रात्रभर अंधारात ठेवायचे. सकाळी डागाच्या पाठीमागे पांढरी लव दिसली तर दावण्या. यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही, आणि चुकीच्या निदानावर महागडे औषध वाया जाण्यापेक्षा एक रात्र थांबणे बरे.

काटेकोरपणे पाहिले तर दावण्याचा कारक खऱ्या बुरशींच्या कुळातला नाही. शास्त्रज्ञ त्याला शैवालांच्या जवळच्या एका वेगळ्या गटात घालतात आणि त्याचे पोहणे तिथूनच आलेले आहे. बटाट्याचा करपा आणि सुपारीचा कोळेरोग हेही याच गटातले. म्हणून या तिघांनाही वाहते, साचलेले, निदान पानावर टिकलेले पाणी लागतेच. बागायतदाराने एवढा एक धागा लक्षात ठेवला तरी पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

दावण्या मूळचा उत्तर अमेरिकेतला. तिथल्या रानद्राक्षांना त्याची सवय होती. 1878च्या सुमारास तो फ्रान्समध्ये पोहोचला आणि कधीही त्याच्याशी गाठ न पडलेल्या युरोपीय द्राक्षाची दाणादाण उडाली. 1882 मध्ये बोर्दो विद्यापीठातल्या मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेस एक गोष्ट आली. मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींची पाने शाबूत होती, आतल्या वेलींची गळून गेली होती. चौकशी केल्यावर कळले, की वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून कडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुन्याचे निळसर पाणी शिंपडले होते. त्यावर प्रयोग करून त्याने 1885 मध्ये हे बोर्डो मिश्रण जाहीर केले. आपल्याकडे दावण्याची पहिली नोंद 1910ची, पुण्याच्या परिसरातली. म्हणजे रोग येण्याआधीच उपाय तयार होता, आणि तो उपाय आजही आपल्या बागांत टिकून आहे.

बोर्डो मिश्रण विकत न आणता आजही अनेक जण स्वतः बनवतात. एक टक्क्यासाठी एक किलो मोरचूद, एक किलो चांगला कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी. मोरचूद लोखंडी भांड्यात कधीच भिजवायचे नाही, प्लास्टिकची टाकी घ्यायची. चुना वेगळा फोडायचा, गाळायचा, गार होऊ द्यायचा. मग मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ढवळत ढवळत ओतायचे. शेवटी विळ्याचे स्वच्छ पाते त्यात थोडा वेळ बुडवून ठेवायचे. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळे तांबे शिल्लक आहे, पान जळेल, अजून चुना हवा. पाते जसेच्या तसे निघाले की फवारणी करायला हरकत नाही, आणि ती त्याच दिवशी करायची, कारण शिळ्या मिश्रणाची पकड जाते. तांब्याचे कण पानावर आधीपासून बसलेले असले तर पोहायला निघालेला जीव तिथेच मरतो. ते आतल्या रोगाचा पाठलाग करू शकत नाहीत. म्हणजे पावसाआधीच्या फवारणीला मोल आहे, नंतरच्या फवारणीला फारसे नाही.

आता मूळ प्रश्न. कोरड्या पट्ट्यात हा रोग एवढा का माजतो? द्राक्षाची वेल भूमध्य समुद्राकाठच्या हवामानात वाढलेली. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, तेव्हा वेल पाने झाडून झोपलेली असते. उन्हाळा कोरडा आणि तोच फळाचा हंगाम. आपल्याकडे सगळे उलटे, पाऊस ऐन वाढीच्या दिवसांत. यावर महाराष्ट्रातल्या आणि उत्तर कर्नाटकातल्या बागायतदारांनी जी तोड काढली तिचे मला फार कौतुक वाटते. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करून घ्यायची, पावसाळा नुसत्या पानांवर काढायचा आणि ऑक्टोबरात दुसरी छाटणी करून फळ पावसानंतरच्या कोरड्या महिन्यांत आणायचे. वेलीला झोप न देता, केवळ छाटणीच्या कात्रीने, या माणसांनी इथे भूमध्य सागराचा हंगाम उभा केला. वर्षाला दोन छाटण्या, पीक मात्र एकच, तेही सोयीच्या वेळी.

या सगळ्या रचनेचा पाया एकच आहे. पावसाने वेळेवर निघून जायला हवे. भारतीय हवामान खात्याने 2020 मध्ये मॉन्सूनच्या सरासरी तारखा नव्याने ठरवल्या तेव्हा वायव्य भारतातून माघार सुरू होण्याची तारीख 1 सप्टेंबरवरून 17 सप्टेंबरवर गेली. आधीच्या तारखा फार जुन्या नोंदींवर बेतलेल्या होत्या. पाऊस पुरता निरोप घेतो तो 15 ऑक्टोबरच्या आसपास, आणि हेच छाटणीचे दिवस. त्यात अरबी समुद्रातल्या वादळांची भर. 11 नोव्हेंबर 2009 रोजी फयान चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आले, पाठोपाठ आतल्या जिल्ह्यांत पाऊस झाला आणि त्या हंगामात दावण्याने राज्यभरच्या द्राक्षांचे मोठे नुकसान केले. 2019 मध्ये ऑक्टोबरअखेर क्यार आणि लगेच महा अशी दोन वादळे अरबी समुद्रात होती. नाशिकपासून सांगलीपर्यंतच्या बागा तेव्हा फुटव्यात आणि फुलोऱ्यात होत्या. दोन्ही वादळे समुद्रातच फिरली तरी आभाळ आणि पाऊस त्यांनी आत पाठवलाच. फुलोऱ्यातला घड दावण्याने धरला की तो वाळतो किंवा कुजतो, आणि त्या काडीला त्या वर्षी दुसरा घड येत नाही.

मात्र "हवामान बिघडले, म्हणजे सगळे रोग वाढणार" हा सरसकट निष्कर्ष मला मान्य नाही. द्राक्षावरचाच दुसरा रोग भुरी, तिच्याकडे पाहिले की तो का चुकतो ते कळते. भुरीला पानावर पाणी नकोच असते. पाण्यात तिची बीजुके फुगून मरतात, जोराचा पाऊस तिला धुऊन नेतो. तिला हवी मंद, ढगाळ, गारसर हवा, दाट पानांची सावली आणि वीस ते सत्तावीस अंश तापमान. पारा पस्तिशीच्या वर टिकला की ती थंडावते. 1845 मध्ये इंग्लंडमधल्या मार्गेट गावी टकर नावाच्या माळ्याला द्राक्षांवर राखेसारखी पूड दिसली, ती युरोपातल्या भुरीची पहिली नोंद. त्याच वर्षी आयर्लंडमध्ये बटाट्याचा करपा उतरला आणि दुष्काळ ओढवला. एकाला ओले पान हवे, दुसरीला कोरडे. दोघांचा उपायही वेगळा, तिथे तांबे, इथे गंधक. ढग दिसले म्हणून एकच औषध दोन्हींवर मारणाऱ्याचे पैसे आणि श्रम दोन्ही वाया जातात. गंधकाचीही एक अट आहे, कडक उन्हात ते मारले तर पाने आणि कोवळे मणी होरपळतात.

निपाणीच्या आसपास भुरीची ओळख जास्त करून आंब्याच्या मोहोरावर होते. आंब्याची भुरी द्राक्षाच्या भुरीहून वेगळी जात, पण स्वभाव तोच. डिसेंबर ते फेब्रुवारी, रात्र थंड, सकाळी धुके, दिवसभर मळभ. मोहोराच्या देठांवर पांढरी पूड दिसते, फुले तपकिरी पडतात आणि बोट लावताच झडतात. जे मोहोर कोरड्या, स्वच्छ उन्हात फुलतात ते वाचतात. त्यामुळे एकाच झाडावर आधी फुललेली फांदी भरलेली आणि नंतर फुललेली मोकळी, किंवा याच्या उलट, असे चित्र दिसते. पाण्यात विरघळणारे गंधक दहा लिटरला वीस ग्रॅम, मोहोर फुलायच्या आत आणि पुन्हा पंधरवड्याने, हा जुना आणि स्वस्त उपाय आहे. बांधावरच्या दोन-चार आंब्यांसाठी कोण फवारणार, असे बहुतेक जण म्हणतात. पण ते झाड घरच्या लोणच्याचे आणि पाहुण्यांच्या रसाचे असते, त्याच्या मोहोराची एवढी राखण करायला हवी असे मला वाटते.

आंब्याचा करपा याहून कावेबाज. त्याची बीजुके पावसाच्या थेंबांबरोबर वाळलेल्या फांद्यांवरून फळांवर उडतात. पंचवीस ते तीस अंश आणि दहा-बारा तासांचा ओलावा मिळाला की कोवळ्या फळाच्या सालीत शिरतात आणि तिथेच गप्प बसतात. फळ वाढते, उतरवले जाते, पेटीत बसून घाट चढते. निपाणीच्या किंवा बेळगावच्या बाजारात ते निर्दोष दिसते. अढीत पिकायला लागले की सालीतले संरक्षक रस ओसरतात आणि काळे डाग बाहेर येतात. ग्राहक व्यापाऱ्याला बोल लावतो, व्यापारी बागायतदाराला. रोग मात्र मार्च-एप्रिलच्या एखाद्या अवकाळी पावसात लागलेला असतो. उतरवलेली फळे लगेच 52 अंशांच्या आसपासच्या पाण्यात दहाएक मिनिटे बुडवली तर सालीतली बुरशी बरीचशी मरते. तापमान दोन-तीन अंशांनी जरी वर गेले तरी साल भाजते, म्हणून तापमापक हवाच.

घाटमाथ्याच्या आणि त्यापलीकडच्या सुपारीत कोळेरोग जून ते सप्टेंबर हिरव्या फळांचा सडा पाडतो. म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन या शास्त्रज्ञाने 1910 मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि बोर्डोची फवारणी रुजवली. त्याआधीपासून तिथले बागायतदार घोसांना पानांच्या टोप्या बांधत आले होते. फळ ओलेच होऊ द्यायचे नाही, हा विचार त्यांना शास्त्रज्ञांच्या आधी सुचला होता.

मुळांचे रोग वेगळ्या हिशेबाने चालतात. तिथे ओलावा तासांत न मोजता दिवसांत मोजावा लागतो. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आले आणि वाहतूक थांबली, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. महामार्ग मोकळा झाल्यावर बातमी संपली, काठच्या शेतांत मात्र पाणी मुरत राहिले. काळ्या जमिनीत साचलेले पाणी मुळांचा श्वास कोंडते, आणि अशा गुदमरलेल्या मुळांवर कुजवणाऱ्या बुरशी तुटून पडतात. पपई तर बुंध्याशी मऊ पडून उभ्याउभी आडवी होते. डाळिंबातली मर 1990च्या सुमारास आपल्या शेजारच्या विजयपूर जिल्ह्यात पहिल्यांदा दिसली आणि पुढे सोलापूर, सांगलीपर्यंत पसरली. मुळांच्या जखमांतून बुरशी शिरते, पाणी नेणाऱ्या नळ्या बंद करते आणि फळांनी लगडलेले झाड एका फांदीपासून पिवळे पडत जाते. भारी जमीन, खोडाला चिकटलेले ठिबकचे तोंड आणि सूत्रकृमींनी कुरतडलेली मुळे, या तिन्ही गोष्टी तिच्या पथ्यावर पडतात. बागेतून मेलेले झाड ओढत नेणारा शेतकरी रोगाची माती ओळीभर पसरवतो, हे त्याला कुणीतरी वेळेवर सांगायला हवे.

पुन्हा पानांकडे येऊ. कर्नाटकात ग्रामपंचायतींच्या पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसले आहेत, महाराष्ट्रात महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत. ही मोठी सोय आहे. पण पाऊस आणि तापमान कळले तरी माझ्या बागेतले पान किती वाजता सुकले, हे त्यातून कळत नाही. दोन बागांमध्ये पाऊस सारखा आणि रोग वेगळा, याचे कारण बहुतेकदा बागेभोवती सापडते. पश्चिमेला उंच ऊस उभा असेल तर वारा अडतो, सकाळचे ऊन उशिरा पोहोचते, पाट सुटल्यावर दमट हवा तिथेच कोंडते. ओळी दाट, फुटवे विरळ केलेले नाहीत, तर आतली पाने दुपारपर्यंत ओली. फुटवे काढणे, खालची पाने काढणे, जमिनीवर पडलेली जुनी रोगट पाने गोळा करून बाहेर नेणे ही कामे औषधाइतकीच मोलाची आहेत, कारण ती ओलाव्याचे तास कमी करतात किंवा रोगाचे बी कमी करतात. निर्यातीच्या काही बागांत पानाच्या ओलाव्याचे संवेदक लागले आहेत. ते नसतील तर साधी वही पुरते. सकाळी दव कधी सुकले, एवढी वेळ ऑक्टोबर ते डिसेंबर लिहून ठेवली तरी फवारणीचे निम्मे निर्णय अंदाजावर सोडावे लागत नाहीत.

औषधांवर सगळा भार टाकण्याचे दिवस तसेही संपत आले आहेत. अंतर्प्रवाही औषधे एकाच जागी घाव घालतात. तेच ते औषध हंगामात पुन्हा पुन्हा मारले की रोगातले जे थोडे जीव त्याला दाद देत नाहीत तेच मागे उरतात आणि वाढतात. दावण्याच्या बाबतीत हे अनेक देशांत झाले आहे, आपल्याकडेही. तांबे आणि गंधक एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतात, म्हणून शतकानंतरही त्यांची धार टिकली.

नव्या वाटाही निघत आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने अमेरिकी कटावबा आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून एआरआय-516 हे द्राक्ष तयार केले. ते दावण्याचा पुष्कळ प्रतिकार करते, रसासाठी चांगले आहे. पण बाजार लांब मण्यांच्या बिनबियांच्या हिरव्या द्राक्षाचा आहे, त्यामुळे खाण्याच्या द्राक्षात ही ताकद अजून उतरायची आहे. नाशिक-सांगलीकडे बागेवर प्लास्टिकचे आच्छादन घालणारे वाढत आहेत. पान भिजलेच नाही तर दावण्याला आणि द्राक्षाच्या करप्याला वाव उरत नाही, हे खरे. मात्र त्या छपराखाली सावली आणि कोंदट हवा मिळते, पावसाने धुतले जाण्याची भीतीही राहत नाही, म्हणून तिथे भुरी जोर धरते. छप्पर घालणाऱ्याने तांब्याचा खर्च वाचला म्हणून गंधकाकडे दुर्लक्ष करू नये.

राहिला छाटणीच्या तारखेचा प्रश्न, आणि दर सप्टेंबरात बागायतदारांची खरी चर्चा यावरच होते. नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात लवकर माल काढण्यासाठी जुलै-ऑगस्टमध्येच छाटतात. भाव मिळतो, पण फुटवे भर पावसात येतात आणि फवारण्यांना अंत राहत नाही. नोव्हेंबरपर्यंत थांबले तर दावण्या टळतो, पण फुटवे थंडीत अडकतात, मणी धरण्याच्या वेळी भुरी गाठते आणि माल एप्रिलच्या उन्हात, पडलेल्या भावात निघतो. म्हणून हल्ली सगळी बाग एका तारखेला न छाटता दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन तुकड्यांत छाटणारे शेतकरी भेटतात. एखादा तुकडा वादळात सापडतो, पण त्या वेळी बाकीचे एकतर फुटायचे असतात किंवा फुलोरा ओलांडून पुढे गेलेले असतात.